जवारी

जुन्या वस्तूंचा षोक हा बहुतांशीं श्रीमंतीचा चाळा असतो, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. परंतु वाजविणाऱ्यांस जुन्या वाद्यांविषयीं जी ओढ वाटते ती निराळ्या जातीची होय. पाश्चात्य देशांतील क्लॅरिओनेट-वादकांचेंच उदाहरण घ्या. वाद्य नवें असलें तरी चालेल. पण तोंडांत धरावयाचा एबोनाइटचा तुकडा, ज्यास ते माउथपीस म्हणतात, तो मात्र फ्रान्सच्या शेदव्हिल घराण्याचा किंवा अमेरिकेतील फ्रँक कॅस्परच्या हातचा असावा, असा पुष्कळांचा हट्ट असतो. याचें कारण नुसत्या जुनेपणांत नाहीं. ज्या पृष्ठावर बोरूची पातळ पत्ती बसते, त्यास कारागिरानें टोंकाकडे हलकेंसें वळण दिलेलें असतें. तें मिलिमीटरच्या शतांशांत मोजावें लागतें. परंतु पत्ती थरथरते ती त्यावरच, आणि त्यांत केसभर फरक पडला तरी स्वर बदलतो.

आमच्या मुलखांतील मनुष्यास याचें नवल वाटूं नये. तासगांवाहून जवळच असलेल्या मिरजेंत हीच विद्या तंबोऱ्याच्या घोडीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घोडीची पाठ दिसावयास सपाट, पण वस्तुतः किंचित् उतरती असते. कंप पावणारी तार त्या उतारास क्षणोक्षणीं स्पर्शून जाते. तारेखालचें सूत नेमक्या जागीं सरकविलें कीं उपस्वर जागे होतात आणि खर्जाच्या तारेंतून स्वयंभू गांधार ऐकूं येतो. हीच जवारी.

ही विद्या मिरजेस आली कोठून? तासगांव व मिरज हीं दोन्हीं पटवर्धनांचीं ठाणीं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली; १८४८ सालीं तासगांव खालसा झालें; मिरजेचें संस्थान राहिलें, परंतु फौजांचे दिवस राहिले नाहींत. तलवारींस धार लावणाऱ्या शिकलगारांचें काम आटलें. त्यांच्यापैकीं फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाद्यें घडविण्याचें काम हातीं घेतलें. भीमेकांठचे मोठे भोपळे मिळण्यासारखे होते. पुढें गिऱ्हाईकही वाढलें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं मिरजेंत शिकलेल्या विष्णु दिगंबरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. अब्दुल करीमखां तर मिरजेसच राहिले, आणि १९३७ सालीं त्यांचें दफनही तेथेंच झालें. पोलादाची धार पारखणारीं बोटेंच घोडीचा उतार पारखूं लागलीं, यांत आम्हांस केवळ योगायोग दिसत नाहीं.

आमच्या घरीं एक जुना मिरजी तंबोरा आहे. वडिलांच्या पश्चात् तो गवसणींत घालून भिंतीस टांगलेला होता. पाहुण्यांस दाखवावा, वाजवूं कोणास देऊं नये, असा आमचा बाणा. एके दिवशीं खालीं काढला, नव्या तारा चढविल्या, तरी आवाज बसलेलाच. मिरजेच्या एका वृद्ध कारागिरांनीं घोडीवरून बोट फिरविलें आणि म्हणाले, "साहेब, तारांनीं चऱ्या पाडल्या आहेत. घासावी लागेल." मूळ हात पुसला जाईल, म्हणून आम्ही कचरलों. तेव्हां ते हंसून म्हणाले, "ही पूर्वीं चार वेळां तरी घासलेली आहे. तुम्ही जपतां तो हात केव्हांच गेला."

तासाभरानें तंबोरा बोलूं लागला, आणि आमचा एक भ्रम गेला. जुन्या माउथपीसची गोष्टही याहून वेगळी नाहीं. वापरावा तर झिजतो, पुन्हां घासावा तर पहिलें वळण जातें, आणि नुसता ठेवावा तर उन्हानें एबोनाइट हिरवट पडतें. वस्तु जपून तिचा स्वर जपला जात नाहीं. तो घासणाऱ्याच्या बोटांत असतो, आणि तीं बोटें काम मिळालें तरच तयार राहतात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट. परंतु मानांकनानें नांवाचें रक्षण होतें. कानस धरणारा मुलगा त्यानें तयार होत नाहीं. त्यासाठीं घरोघरच्या गवसण्या सुटल्या पाहिजेत.

आमचा तंबोरा आतां भिंतीवर नाहीं. आमची नात रोज सकाळीं तो घेऊन बसते, आणि चऱ्या पडल्या म्हणजे आम्ही त्यास मिरजेस नेतों.