नकलेतून आलेला नाद : गिटारच्या नलिका-वर्धकाची पाठपरंपरा

पोथीच्या दोन प्रती समोर असता त्यांचे परस्परांशी नाते काय, हे ठरविण्याची रीत भाषाभ्यासकास परिचित आहे. दोहोंत समान असलेला शुद्ध पाठ फारसे काही सिद्ध करीत नाही. शुद्ध पाठ कोणासही स्वतंत्रपणे सुचू शकतो. समान असलेला विलक्षण पाठ मात्र नात्याचा पुरावा ठरतो. ही रीत अक्षरांपुरतीच मर्यादित नसावी, असे प्रस्तुत लेखकास काही काळापासून वाटत आले आहे. ज्या वस्तूमुळे तसे वाटू लागले, ती विद्यापीठीय नियतकालिकात सहसा येत नाही. विद्युत्-गिटारचा आवाज मोठा करणारा, निर्वात नलिकांवर चालणारा वर्धक ही ती वस्तू होय.

प्रथम नावाविषयी थोडेसे. १९०४ साली जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी काचेच्या निर्वात फुग्यात दोन अग्रे बसवून वीज एकाच दिशेने जाऊ देणारे साधन सिद्ध केले. पाण्याला एकाच बाजूने वाट देणाऱ्या झडपेच्या साम्याने इंग्लंडात त्यास व्हॉल्व म्हणू लागले. अमेरिकेत आकारावरून ट्यूब हे नाव पडले. आपल्या रेडिओ-कारागिरांच्या तोंडी इंग्लंडातला शब्द बसला. १९०६च्या सुमारास ली डी फॉरेस्ट यांनी ह्या अग्रांच्या जोडीस तिसरे, जाळीचे अग्र दिले. पाटाचे दार हलक्या हाताने वरखाली करून मोठा प्रवाह आवरावा, त्याप्रमाणे जाळीवरील क्षीण संदेशाने मोठा प्रवाह आवरता येऊ लागला. पुढील सर्व नलिका-वर्धकांचे मूळ येथे आहे.

लिओ फेंडर हे शिक्षणाने अभियंते नव्हते. ते हिशेबनिसाचे काम करीत. १९३८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान घातले. त्या काळी नलिका तयार करणारे कारखाने आपला माल खपावा म्हणून माहिती-पुस्तिका छापीत व त्यांत नमुन्याची विद्युत्-मंडले देत, आर. सी. ए. कंपनीची पुस्तिका तर दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर असावयाचीच. फेंडर यांची आरंभीची मंडले अशा नमुन्यांपासून फार दूर नाहीत. १९५२ मध्ये त्यांनी बेस-गिटारसाठी ‘बासमन’ हा वर्धक बाजारात आणला. त्याचे अनेक पाठ झाले. त्यांतील १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरचा, ‘५एफ६-ए’ ह्या क्रमांकाचा व दहा इंची चार कर्ण्यांचा पाठ आज मूळ संहिता म्हणून पूजिला जातो. परंतु त्यातील एकच संदेश उलटसुलट अशा दोन रूपांत विभागणारी रचना पाहावी. तिचे पेटंट इंग्लंडातील अॅलन ब्लमलाइन यांच्या नावे १९३६ सालचे आहे. ज्यास आपण मूळ म्हणतो तेही संकलनच आहे.

आता दुसरी प्रत. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल ह्या ढोलवादकाने १९६० मध्ये वाद्यांचे दुकान काढले. तेथे येणाऱ्या तरुण वादकांना अमेरिकी वर्धक हवे असत, आणि ते महाग पडत. दुकानातील केन ब्रॅन आणि विशीही न गाठलेला डडली क्रेव्हन यांनी १९६२-६३च्या सुमारास बासमनवरून एक वर्धक तयार केला. त्याचे नाव ‘जेटीएम ४५’. बासमन हा आपला कित्ता होता, ही गोष्ट मार्शल यांनी पुढे कधी लपविली नाही.

त्यांनी लपविली असती तरी मंडलाने ती सांगितलीच असती. उपरोक्त विभाजक रचनेत दोन बाजूंचे रोधक सारखे नसतात, कारण एका बाजूची वर्धनशक्ती किंचित अधिक असते. हे वैषम्य किती ठेवावयाचे हा रचनाकाराच्या निवडीचा प्रश्न आहे. फेंडर यांनी एका बाजूस ८२ हजार व दुसऱ्या बाजूस १ लाख ओहम घातले. मार्शल यांच्या प्रतीत नेमके तेच आकडे आहेत. स्वरनियंत्रणाची रचना ज्या विशिष्ट टप्प्यानंतर बासमनमध्ये येते, त्याच टप्प्यानंतर ती येथेही येते. पाठचिकित्सकास याहून अधिक काय हवे?

तथापि खरे कुतूहल पाठभेदांचे आहे. बासमनच्या पहिल्या टप्प्यात ‘१२एवाय७’ ही नलिका होती. लंडनच्या प्रतीत तेथे ‘ईसीसी८३’ आली. ही ईसीसी८३ म्हणजे अमेरिकेची ‘१२एएक्स७’च. (नावांकडेही लक्ष द्यावे. अमेरिकी नावातील मधली अक्षरे केवळ क्रमाने आलेली, म्हणून नाव बव्हंशी रूढ. युरोपीय नाव यौगिक. त्यातील ‘ई’ने तापतंतूचे ६.३ व्होल्ट सांगितले जातात, दोन ‘सी’ंनी दोन ट्रायोड आणि आठाने बैठकीचा प्रकार.) वर्धनांकाच्या दृष्टीने १२एवाय७ ही ईसीसी८३च्या निम्म्याहूनही खाली आहे. आरंभीच हा बदल झाल्यामुळे पुढील सर्व टप्प्यांवर अधिक ताण पडला. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडात मिळत तसे घेतले गेले. अमेरिकेचा वीजदाब वेगळा असल्यामुळे त्यास पर्यायही नव्हता. शक्तिनलिका प्रथम अमेरिकी पद्धतीच्या होत्या, पुढे ब्रिटिश ‘केटी६६’ आल्या. मागून उघड्या पेटीतील दहा इंची चार कर्ण्यांऐवजी बंद पेटीत बारा इंची चार कर्णे बसले. यांतील बहुतेक बदल विचारपूर्वक केलेल्या संशोधनाचे नव्हेत. गावात जे मिळाले त्याचे आहेत. लिपिकार आपल्या बोलीचे रूप नकळत पोथीत घालतो, तसेच हे झाले.

ह्या बोलीनेच पुढील इतिहास घडविला. अभियांत्रिकीच्या ग्रंथांत विकृती हा दोष आहे : वर्धकाने दिले ते मोठे करावे, त्यात आपले काही मिसळू नये. फेंडर यांचेही ध्येय स्वच्छ नादाचेच होते. परंतु नलिकेस तिच्या शक्तीपलीकडे लोटले असता तरंगाचे माथे दबते, नवे उपस्वर निर्माण होतात आणि छेडलेली तार लांबपर्यंत गात राहते. १९६६ मध्ये जॉन मेऑल यांच्या वाद्यवृंदासमवेत एरिक क्लॅप्टन यांनी जे ध्वनिमुद्रण केले, त्यात मार्शलचा वर्धक मुद्दाम मोठ्याने वाजवून हा दोषच नादाचे अंग केला आहे. अपपाठ मान्य पाठ झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली. ट्रान्झिस्टर पसरले, नलिकांचे पाश्चात्त्य कारखाने एकामागून एक मिटले, आणि जुन्या वर्धकांची आठवण जपणारी लहान दुकाने पुढे आली. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ हे फेंडरच्या लहान वर्धकांत फेरफार करून देऊ लागले. न्यू जर्सीत केन फिशर आपल्या वर्धकांस क्रमांकाऐवजी स्त्रियांची नावे देत. अशा मालास ‘बुटीक’ म्हणण्याचा प्रघात पडला. हा फ्रेंच शब्द ग्रीक ‘अपोथेके’, म्हणजे कोठार, यावरून आला आहे. मराठीत तो स्त्रियांच्या पोशाखांच्या दुकानापुरता आला, म्हणून वर्धकाच्या संदर्भात कानास चमत्कारिक वाटतो. फुलर्टनचे दुरुस्तीचे दुकान ह्या अर्थाने पहिले बुटीक होते. त्यास तसे कोणी म्हटले नाही, इतकेच.

ह्या मंडळींत अलेक्झांडर डंबल (मृत्यू २०२२) यांची गोष्ट वेगळी आहे. आपले मंडल कोणी उतरवून घेऊ नये म्हणून ते त्याचे भाग राळेसारख्या द्रव्याने लिंपून टाकीत. ज्याची आरंभीची विद्या फेंडरच्या उघड्या आकृत्यांतून आली, त्याने आपली पोथी शिवून ठेवावी, हे प्रस्तुत लेखकास कृतघ्नपणाचे वाटते. जिज्ञासूंनी राळ खरवडून ती मंडले उतरविलीच.

आकृत्या उघड्या राहिल्या म्हणूनच आज नवशिक्यास घरी वर्धक बांधता येतो. सामान्यतः तो फेंडरच्या ‘चँप’पासून, ‘५एफ१’ ह्या पाठापासून आरंभ करतो : एक १२एएक्स७, एक ‘६व्ही६’, एक ‘५वाय३’, आठ इंची कर्णा, सुमारे पाच वॅट शक्ती. नलिका आता स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथून येतात. फेंडर प्रत्येक वर्धकाच्या दोन आकृत्या करीत. एकीत विद्युत्-संबंध असतात. दुसरीत भाग पट्टीवर प्रत्यक्ष कोठे बसतात ते असते. पहिली म्हणजे अन्वय, दुसरी संहिता. अर्थ न कळता वेद म्हणणाऱ्या बटूप्रमाणे नवशिका दुसरी पाहून डाख देत जातो, आणि वर्धक बोलूही लागतो. जाणते ह्यास हसतात. परंतु तार कोणत्या तारेजवळून न्यावी, हे अन्वयात नसतेच. ते संहितेने सांभाळले आहे. आणि काही गोष्टी दोहोंतही नसतात. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत प्राणघातक दाब साठून राहतो, तो रोधकावाटे उतरवून व मापकाने पाहून मगच हात घालावा. चालू वर्धकात तपासणी करताना एक हात खिशात ठेवावा. कर्णा जोडल्यावाचून वर्धक चालवू नये. हे एकाने दुसऱ्यास तोंडी सांगावयाचे असते.

प्रस्तुत लेखकानेही एक चँप जुळविला. वीज देताच त्यातून गिटारऐवजी कर्कश किंकाळी आली. तीन संध्याकाळ प्रत्येक सांधा आकृतीशी ताडून पाहिला. सर्व बरोबर होते. दोष आकृतीत दिसण्यासारखा नव्हताच. कर्ण्याकडील संदेशाचा काही अंश मागे, दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडकडे आणून नाद आवरलेला असतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्यामुळे हा अंश नाद आवरण्याऐवजी चेतवीत होता. आकृतीत त्या दोन सारख्या रेघा आहेत. एका वृद्ध रेडिओ-कारागिराने किंकाळी दूरध्वनीवरून ऐकली आणि तारा अदलाबदल करावयास सांगितले.

मी आकृतीच्या समासात पेन्सिलीने त्या दोन तारांचे रंग लिहून ठेवले. पुढे एका विद्यार्थ्याने ती आकृती उतरवून नेली. त्याने माझी टीप शाईने, मूळ आकृतीचाच भाग म्हणून लिहिली होती. त्याचा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या कारखान्याचा होता.