केनेसेथ एलियाहू सिनेगॉग

केनेसेथ एलियाहू सिनेगॉग : मुंबईच्या फोर्ट भागात, काळा घोडा परिसरातील डॉ. व्ही. बी. गांधी मार्गावर असलेले बगदादी ज्यूंचे प्रार्थनामंदिर. जेकब एलियास ससून (१८४४–१९१६) यांनी वडील एलियास डेव्हिड ससून (१८२०–८०) यांच्या स्मरणार्थ ते १८८४ मध्ये उभारले. ‘केनेसेथ’ या हिब्रू शब्दाचा अर्थ सभा किंवा मंडळी. म्हणून हे एलियाहूच्या, म्हणजे एलियास यांच्या, नावाने भरणारे भक्तमंडळ. एका घराण्याने बांधलेली वास्तू, तिच्यातील चित्रकाच आणि २०१९ मध्ये पूर्ण झालेले जतनकार्य यांमुळे मुंबईच्या वारशात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

घराण्याची पार्श्वभूमी : या घराण्याचे मूळपुरुष डेव्हिड ससून (१७९२–१८६४) बगदादच्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून इराणच्या आखातातील बुशहरला गेले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थायिक झाले. कापूस, सूत आणि अफू यांच्या व्यापारात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि पुण्याचे ओहेल डेव्हिड ही सिनेगॉग त्यांनीच बांधवली. पुण्याचे सिनेगॉग विटांच्या तांबड्या रंगामुळे ‘लाल देऊळ’ म्हणूनच ओळखले जाते. पुण्याचे ससून रुग्णालय आणि काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालय हीदेखील त्यांच्या दानाची फळे. ‘काळा घोडा’ हे नावही ससूनांशीच जोडलेले आहे. डेव्हिड यांचे थोरले चिरंजीव आल्बर्ट यांनी शहराला दिलेला ब्रिटिश युवराजाचा अश्वारूढ पुतळा येथे १८७९ मध्ये बसवला गेला. १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला, तरी नाव मागे राहिले.

डेव्हिड यांचे दुसरे चिरंजीव एलियास १८४४ मध्ये चीनला गेले आणि तेथील व्यापाराची घडी त्यांनी बसवली. १८६७ मध्ये त्यांनी ई. डी. ससून ही स्वतःची पेढी काढली. त्यांचे पुत्र जेकब यांच्या काळात ही पेढी मुंबईतील मोठ्या गिरणीमालकांत गणली जाऊ लागली. जेकब यांना १९०९ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला.

स्थापनेचे कारण : शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी वाहनात बसणे धर्मनियमाने वर्ज्य आहे. म्हणून प्रार्थनास्थळ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे लागते. भायखळ्याचे मागेन डेव्हिड फोर्ट आणि कुलाबा भागातील कुटुंबांना लांब पडे. त्यांची सोय नव्या वास्तूने झाली. वडिलांचे स्मारक बांधताना जेकब यांनी पुतळा उभारला नाही. दर आठवड्याला माणसे जमतील अशी जागा दिली. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. ज्यू समाजाच्या दृष्टीने सिनेगॉगचे खरे जीवन या दहांच्या उपस्थितीत असते.

वास्तुरचना : गॉस्लिंग अँड मॉरिस या मुंबईच्या वास्तुरचनाकार संस्थेने इमारतीचा आराखडा केला. त्यात अभिजात आणि गॉथिक पुनरुज्जीवन शैलींचा मेळ आहे. मुख्य सभागृह वरच्या मजल्यावर आहे. त्याभोवती खांबांवर पेललेला सज्जा स्त्रियांसाठी आहे. सभागृहाच्या मध्यभागी धर्मग्रंथवाचनाचा चौथरा, म्हणजे तेबा, असतो. तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवण्याची जागा, हेखल, जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे मुंबईत पश्चिमेला येते. बगदादी परंपरेत तोराची गुंडाळी कापडी आवरणात न ठेवता कडक पेटीत उभी ठेवतात.

चित्रकाच : हेखलच्या वरच्या बाजूची कमानदार चित्रकाच हे या वास्तूचे सर्वांत मोठे वैभव आहे. हिला बोलीत सर्वजण ‘स्टेन्ड ग्लास’ म्हणतात. मुंबईतील इतर चित्रकाचेशी तुलना केल्यास तिचे वेगळेपण कळते. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या खिडक्या आहेत. ख्रिस्ती परंपरेत अशी काच ख्रिस्ताची आणि संतांची चित्रे दाखवून भक्ताला बायबलातील कथा सांगते. ज्यू धर्मात उपासनेच्या जागी मूर्ती आणि मनुष्याकृती वर्ज्य. त्यामुळे येथे कथेची जागा रंग आणि नक्षी यांनी घेतली आहे. प्रार्थनेसाठी पश्चिमेकडे तोंड केलेल्या भक्ताला समोर चेहरा दिसत नाही, रंगलेला उजेड दिसतो. निराकार देवाच्या उपासनेला याहून साजेशी सजावट सुचणे कठीण.

चित्रकाचेचा रंग बहुतांशी काचेच्या अंगात असतो. काच वितळलेली असताना तीत धातूंची संयुगे मिसळतात : कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा किंवा लाल, सोन्याने गुलाबी रंग येतो. आकारानुसार कापलेले तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवतात, सांधे झाळतात आणि फटींत लांबी भरतात. बारीक रेषा काचेवर रंगवून भट्टीत भाजतात. शिसे मऊ असल्याने शंभरेक वर्षांत वाकू लागते आणि तावदानाला फुगवटा येतो. मुंबईची खारी हवा, पावसाचा मारा आणि रहदारीचे हादरे हे नुकसान वाढवतात. दुरुस्ती करताना आधी छायाचित्रे आणि कागदी ठसे घेतात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात, मग तावदान सोडवून, साफ करून नव्या शिशात पुन्हा जुळवतात. जुना तुकडा शक्यतो टाकत नाहीत.

समाज आणि स्थित्यंतर : बगदादी ज्यूंची घरची भाषा मुळात अरबी होती. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या दुसऱ्या ज्यू समाजाची भाषा मराठी. हा समाज आपल्या सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणे. मस्जिद बंदर स्थानकाचे नाव १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी स्थापलेल्या या समाजाच्या जुन्या सिनेगॉगवरून पडले, असे सांगतात. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर दोन्ही समाजांतील असंख्य कुटुंबे परदेशी गेली. बगदादी कुटुंबे मुंबईत अगदी थोडी उरली. दहांची मंडळी जमवण्यासाठी बेने इस्राएलांची साथ मोलाची ठरली.

जतन : विसाव्या शतकात लावलेल्या आकाशी रंगामुळे ही इमारत ‘निळे सिनेगॉग’ म्हणून प्रसिद्ध झाली. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली तिचे जतनकार्य झाले. निळ्या रंगाचे थर उतरल्यावर दर्शनी भागाला मूळची पांढरी आणि गडद निळी रंगसंगती परत मिळाली. चित्रकाचेची दुरुस्ती स्वाती चांदगडकर यांनी केली. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधील काचाही त्यांनीच सावरल्या आहेत. खर्चाला जेएसडब्ल्यू फाउंडेशनने साहाय्य केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सिनेगॉग पुन्हा खुले झाले. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत त्याला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चलाही त्या वर्षी हाच मान लाभला.

ससून घराणे मुंबईतून केव्हाच गेले. त्यांच्या प्रार्थनामंदिराची काच मात्र अनेकांच्या हातांनी वाचली, आणि आजही ती जिथे बसवली होती तिथेच, हेखलच्या वर आहे.