मालाडचा जर्मन दिग्दर्शक : फ्रान्झ ऑस्टेन

विरारहून चर्चगेटकडे धावणाऱ्या गाडीतून हजारो वसईकर दररोज मालाड स्थानक ओलांडतात. ह्या स्थानकाच्या पश्चिमेला लहानमोठ्या कारखान्यांनी आणि गाळ्यांनी व्यापलेली एक वस्ती आहे. 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड' असे तिचे नाव. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका संस्थेची आता एवढीच खूण तेथे शिल्लक आहे. एके काळी मात्र हिंदुस्थानातील अत्यंत सुसज्ज असा स्टुडिओ ह्याच जागेवर उभा होता आणि १९३५ ते १९३९ ह्या काळात तेथे निर्माण झालेल्या तब्बल सोळा हिंदी बोलपटांचे दिग्दर्शन एका जर्मन गृहस्थाने केले होते. त्यांना हिंदी भाषा येत नव्हती. तरीही अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील एक अजरामर हिंदी चित्रपट त्यांच्या नावावर जमा आहे. त्यांचे नाव फ्रान्झ ऑस्टेन. त्यांच्या कार्याची आणि त्यांच्या आयुष्यातील एका अवघड विसंगतीची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

फ्रान्झ ऑस्टेन यांचे मूळ आडनाव ऑस्टरमायर. त्यांचा जन्म डिसेंबर १८७६ मध्ये दक्षिण जर्मनीतील म्युनिक शहरी झाला. वडिलांचा व्यवसाय छायाचित्रणाचा होता आणि फ्रान्झ यांनीही प्रथम तीच विद्या घेतली. पुढे त्यांनी नट म्हणून नशीब अजमावून पाहिले. १९०७ मध्ये आपले बंधू पीटर यांच्यासह त्यांनी फिरता सिनेमा काढला. गावोगावी तंबू ठोकून चलच्चित्रे दाखविण्याचा तो काळ होता. १९११ मध्ये त्यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. पहिल्या महायुद्धानंतर पीटर यांनी म्युनिकमध्ये 'एमेल्का' ही चित्रपटसंस्था स्थापन केली आणि तिच्यासाठी फ्रान्झ ग्रामीण जीवनावरील चित्रपट करू लागले.

नेमक्या ह्याच संस्थेच्या दाराशी १९२४ च्या सुमारास हिमांशु राय हा बंगाली तरुण येऊन उभा राहिला. कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी विलायतेत गेलेल्या ह्या तरुणाला नाटकाने आणि चित्रपटाने झपाटले होते. म्युनिकजवळच्या ओबरआमरगाउ ह्या खेड्यात दर दहा वर्षांनी ग्रामस्थ ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाट्य सादर करतात. प्लेगच्या साथीतून गाव वाचल्याबद्दल सतराव्या शतकात केलेला नवस ते आजतागायत फेडीत आहेत. हा प्रयोग राय यांच्या मनावर ठसला होता, असे सांगतात. एखादा धर्मपुरुष अशा रीतीने लोकांच्या डोळ्यांसमोर जिवंत करता येत असेल, तर पूर्वेकडील धर्मांच्या कथा पडद्यावर का आणू नयेत, असा त्यांचा विचार होता. उपवासकाळात आपल्या धर्मग्रामांतून दुःखसहनाची नाट्ये पाहत लहानाचे मोठे झालेल्या वाचकांना ह्या कल्पनेचे मोल निराळे सांगावयास नको.

एमेल्काने तंत्रज्ञ आणि यंत्रसामग्री द्यावी, पैसा आणि कलावंत भारतातून यावेत, असे ठरले. त्यानुसार फेब्रुवारी १९२५ मध्ये ऑस्टेन आपल्या सहकाऱ्यांसह भारताकडे निघाले. गौतम बुद्धांच्या जीवनावरील 'प्रेम संन्यास' हा मूकपट जयपूरच्या महाराजांच्या साहाय्याने चित्रित झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्युनिकला प्रथम दाखविण्यात आला. बुद्धांची भूमिका स्वतः राय यांनी केली होती. त्यानंतर ताजमहालाच्या निर्मितीची दंतकथा सांगणारा 'शिराझ' १९२८ मध्ये आणि महाभारतातील द्यूतप्रसंगावर बेतलेला 'प्रपंच पाश' १९२९ मध्ये तयार झाला. कृत्रिम देखाव्यांऐवजी खरे राजवाडे, खरे हत्ती आणि खरी माणसे, हे ह्या तिन्ही मूकपटांचे वैशिष्ट्य होय. 'प्रपंच पाश' आणि 'शिराझ' यांच्या प्रती आधुनिक तंत्राने दुरुस्त करण्यात आल्या आहेत. २०१७ मध्ये 'शिराझ' लंडनच्या चित्रपट महोत्सवात अनुष्का शंकर यांच्या संगीतासह पुन्हा दाखविला गेला, तेव्हा त्यास नव्वद वर्षे होत आली होती.

बोलपट आले आणि चित्र पालटले. १९३४ मध्ये हिमांशु राय आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री देविका राणी यांनी मालाड येथे 'बॉम्बे टॉकीज' ही मर्यादित कंपनी स्थापन केली. तिच्या संचालक मंडळावर मुंबईतील नामांकित मंडळी होती. चित्रपटाचा धंदा बदनाम समजला जात असता हे विशेषच मानावे लागेल. दिग्दर्शनासाठी राय यांनी ऑस्टेन यांना पुन्हा पाचारण केले. छायालेखक योझेफ विर्शिंग, नेपथ्यकार कार्ल फॉन श्प्रेती आणि रसायनशाळेचे तज्ज्ञ विल्हेल्म झोले असे आणखी काही जर्मन त्यांच्यासोबत होते. स्टुडिओत तरुणांना पद्धतशीर शिक्षण मिळत असे. रसायनशाळेत उमेदवारी करणारा एक तरुण अचानक नायकाच्या जागी उभा केला गेला आणि पुढे अशोककुमार म्हणून देशभर गाजला, तो येथेच. सरस्वतीदेवी ह्या नावाने संगीत देणाऱ्या पारशी महिला खुर्शीद होमजी याही येथल्याच. आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ह्या स्टुडिओच्या उपाहारगृहात सर्व जातींची माणसे एकत्र बसून जेवीत. १९३० नंतरच्या त्या दशकात ही साधी बाब नव्हती.

१९३६ मध्ये 'अछूत कन्या' प्रकाशित झाला. निरंजन पाल यांनी लिहिलेली त्याची कथा रेल्वेच्या फाटकापाशी घडते. फाटकाचा रखवालदार दुखिया हा अस्पृश्य असून त्याची मुलगी कस्तुरी. गावातील ब्राह्मण दुकानदार मोहनलाल याला साप चावला असता दुखियाने त्याचे प्राण वाचविले, तेव्हापासून दोन्ही कुटुंबांत स्नेह आहे. कस्तुरी आणि मोहनलालचा मुलगा प्रताप एकमेकांवर प्रेम करतात. परंतु जात आडवी येते आणि दोघांचीही लग्ने अन्यत्र होतात. आजारी दुखियाला मोहनलाल आपल्या घरात आसरा देतो, तेव्हा चिडलेला जमाव त्याच्या घरावर चालून येतो. शेवटी संशयाने पेटलेला कस्तुरीचा नवरा आणि प्रताप यांची फाटकावर झुंज जुंपलेली असताना गाडी धडधडत येते. तिला थांबविण्यासाठी कस्तुरी रुळांवरून धावत जाते आणि प्राण गमावते.

ह्या चित्रपटाचा काळ ध्यानी घेतला पाहिजे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला होता. पुणे करार १९३२ चा. हिंदू म्हणून मरणार नाही, ही येवल्याची घोषणा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये केली. अशा वातावरणात देविका राणीसारखी आघाडीची अभिनेत्री अस्पृश्य मुलीच्या वेषात पडद्यावर आली आणि प्रेक्षकांनी तिच्यासाठी अश्रू ढाळले. प्रश्नाचे उत्तर चित्रपट देत नाही. कस्तुरीच्या मरणाने गावाची व्यवस्था बदलत नाही आणि देविका राणीची कस्तुरी रखवालदाराच्या मुलीपेक्षा फारच नीटनेटकी दिसते, ही टीकाही रास्त आहे. तथापि माणसाची किंमत जन्मावरून ठरविणारी रूढी निरपराधांचा बळी घेते, एवढे सत्य त्याने लाखो लोकांपर्यंत पोहोचविले.

आता त्या अवघड विसंगतीकडे वळू. 'अछूत कन्या' प्रकाशित झाला त्याच १९३६ साली फ्रान्झ ऑस्टेन हिटलरच्या नाझी पक्षाचे सभासद झाले. त्या पक्षाच्या सरकारने आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९३५ मध्ये, न्यूरेंबर्ग येथे कुप्रसिद्ध कायदे जाहीर केले होते. ज्यू आणि तथाकथित जर्मन रक्ताच्या व्यक्ती यांच्यातील विवाहास त्यांनी बंदी घातली होती. मालाडच्या स्टुडिओत ज्या अन्यायाची करुण कहाणी ऑस्टेन चित्रित करीत होते, तोच अन्याय त्यांच्या मायदेशी कायदा होऊन बसला होता. कस्तुरी आणि प्रताप यांना न्यूरेंबर्गमध्येही लग्न करता आले नसते.

त्याच काळात मुंबईत दुसऱ्या प्रकारचे निर्वासितही येत होते. आकाशवाणीची परिचित ओळखधून ज्यांच्या नावावर सांगितली जाते, ते ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये युरोप सोडून मुंबईस आले होते. एकच भाषा बोलणारी ही दोन माणसे एकाच शहरात राहत होती. एक वंशद्वेषापासून जीव वाचवून आला होता आणि दुसऱ्याने त्या द्वेषाच्या पक्षात नाव नोंदविले होते.

त्या दिवसांत दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता काय? ऑस्टेन यांच्याच म्युनिक शहरात येशूसंघीय धर्मगुरू रूपर्ट मायर राहत होते. त्यांचाही जन्म १८७६ चाच. पहिल्या महायुद्धात सैनिकांची सेवा करताना त्यांनी एक पाय गमावला होता. कॅथलिक माणूस नाझी असू शकत नाही, ही भूमिका त्यांनी उघडपणे मांडली. प्रवचनांवर घातलेली बंदी मोडल्याबद्दल १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे त्यांची रवानगी छळछावणीत करण्यात आली. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. वंशाला देवत्व देणाऱ्या विचाराचा धिक्कार करणारे पोप अकरावे पायस यांचे परिपत्रकही मार्च १९३७ मध्ये, झावळ्यांच्या रविवारी, जर्मनीतील चर्चमधून वाचले गेले होते. तेव्हा निवड करण्याची संधी होती, आणि ती करणारी माणसेही होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑस्टेन तेव्हा 'कंगन' दिग्दर्शित करीत होते. धारवाडला जन्मलेल्या आपल्या मराठी अभिनेत्री लीला चिटणीस या त्याच्या नायिका होत्या. ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांना शत्रुपक्षाचे म्हणून ताब्यात घेतले आणि चित्रपट सहकाऱ्यांनी पुरा केला. ही नजरकैद मुंबईच्या कॅथलिकांना नवी नव्हती. पहिल्या महायुद्धात सेंट झेवियर्स कॉलेज उभारणाऱ्या जर्मन येशूसंघीयांपैकी अनेकांना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत ठेवून पुढे मायदेशी पाठविण्यात आले होते.

वयाची साठी उलटलेल्या ऑस्टेन यांना १९४० मध्ये सोडण्यात आले आणि ते जर्मनीस परतले. युद्ध संपेपर्यंत त्यांनी म्युनिकच्या बव्हेरिया चित्रपटसंस्थेत काम केले. नंतर बाड आइब्लिंग ह्या आरोग्यस्थानाचे व्यवस्थापन पाहिले. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. हिमांशु राय मे १९४० मध्येच वारले होते. १९४३ च्या 'किस्मत'सारखे यश पाहूनही बॉम्बे टॉकीज दहा-अकरा वर्षांत बंद पडली. विर्शिंग मात्र नजरकैदेतून सुटल्यावर येथेच राहिले. 'महल'मधील सावल्यांचा गूढ खेळ त्यांचाच. 'पाकिज़ा'चे चित्रण चालू असताना १९६७ मध्ये त्यांनी मुंबईतच देह ठेवला. त्यांनी जपलेली स्टुडिओची शेकडो छायाचित्रे २०१७ मध्ये गोव्यातील एका प्रदर्शनात लोकांसमोर आली.

ऑस्टेन यांच्या नावापुढे आपण कोणता शेरा मारावा? कलाकृती थोर म्हणून कर्त्याचा दोष झाकता येत नाही आणि कर्ता चुकला म्हणून कलाकृती खोटी ठरत नाही. 'अछूत कन्या' पाल यांच्या लेखणीचा, देविका राणी आणि अशोककुमार यांच्या अभिनयाचा, सरस्वतीदेवींच्या सुरांचा आणि विर्शिंग यांच्या डोळ्यांचाही आहे. त्या सर्वांनी मिळून सांगितलेले सत्य एकट्या दिग्दर्शकाच्या सहीने पुसले जात नाही. परंतु ह्या उदाहरणातून एक इशारा घेण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या गावातील अन्याय ओळखणे त्या मानाने सोपे असते. ऑस्टेन यांना परक्या देशातील फाटकापाशी उभी असलेली अस्पृश्य मुलगी दिसली, आपल्या शहरातील ज्यू शेजारी दिसला नाही.

आपण 'अछूत कन्या' पाहून हळहळतो आणि घरातील सोयरीक जुळवताना मुलगी 'आपल्यांतली' आहे ना, हे आधी विचारतो. एकाच बाप्तिस्म्याची, एकाच वेदीपाशी गुडघे टेकणारी कुटुंबेही ह्या प्रश्नातून सुटलेली नाहीत. मालाडच्या त्या जर्मन दिग्दर्शकाला दोष देण्यापूर्वी आपल्या उंबरठ्यावरचे फाटक उघडे आहे की बंद, हे पाहून घेणे बरे.