चिखलदऱ्याची कॉफी आणि इतिहासाचे व्याकरण

पिकांचा इतिहास वाचताना आम्हांला प्रथम खटकतात ती क्रियापदे : ‘आणली’, ‘लावली’, ‘शोधले’. त्यांचा कर्ता बहुधा एखादा अधिकारी, सरदार वा मिशनरी असतो. चिखलदऱ्याच्या कॉफीची कथाही याच व्याकरणात सांगितली जाते.

१८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचा ‘शोध लावला’, असे ठिकठिकाणी लिहिलेले आढळते. वास्तविक शेजारचा गाविलगड बहमनी काळातला. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने तो लढून घेतला होता. जिथे वीस वर्षांपूर्वी तोफा डागल्या, ते पठार पुन्हा सापडावे कसे? कोरकू आणि गवळी तर तिथे नांदतच होते. पुढे इंग्रजी अमदानीत सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या या पठारावर सावलीखाली कॉफी रुजली. परंतु तिची फळे तोडणारे हात त्या वाक्यात येत नाहीत.

जवळपास याच अक्षांशांवर, पॅसिफिक महासागरात, हवाई बेटांची माळ आहे. तिथली कथाही नावांनीच सुरू होते. ओआहूचा राज्यपाल बोकी याने १८२५ मध्ये ब्राझीलहून रोपे आणली. १८२८ मध्ये सॅम्युएल रगल्स या मिशनऱ्याने ती कोना भागात नेली. कथेला वळण मिळाले ते १८९९ च्या सुमारास. भाव कोसळले, मोठे मळे मोडले आणि साधारण पाच-पाच एकरांचे तुकडे खंडाने दिले गेले. उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेली जपानी कुटुंबे ते कसू लागली. पुढे तिथल्या शाळांची मोठी सुटीसुद्धा कॉफीच्या तोडणीनुसार ठरू लागली. ‘मजूर’ हा ‘कसणारा’ झाला. अर्थात मालकी दुसऱ्याचीच राहिली. आणि १८४८ च्या जमीनवाटपानंतर ज्यांच्या हातून भूमी निसटत गेली, ते मूळ हवाईवासी या नव्या वाक्यातही मागेच राहिले.

मेळघाटात असे वळण आलेच नाही. भोवतालचे जंगल राखीव झाले, १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प आला, आणि रहिवाशांचा वावर ‘सवलत’ या शब्दात मावू लागला. ‘हक्क’ हा शब्द कायद्यात आला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. तो कोणाच्या वाट्याला किती आला, हे तपासल्याखेरीज चिखलदऱ्याच्या कॉफीचा इतिहास पुरा होणार नाही. रोप कोणी आणले, एवढ्यावर थांबणारे लेखन आम्हांला अपुरे वाटते ते यासाठी.