गणकयंत्राचा ताप आणि नाडी

मे महिना आहे, सोलापुरात पारा ४२ वर गेला आहे, आणि शाळेतल्या एखाद्या जुन्या संगणकाचा पडदा सांगतो आहे, "प्रोसेसर ३५ अंश." आता पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारे यंत्र खोलीतल्या हवेहून गार कसे राहील बरे? आकडा चुकला, हे भिंतीवरचा साधा थर्मामीटरसुद्धा सांगेल. पण तो चुकला कसा, ही गोष्ट ऐकण्याजोगी आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हे गणकयंत्र सुरू झाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या, दिव्यांसारख्या तापणाऱ्या. पुढे असले सारे काम नखाएवढ्या चकतीत मावू लागले आणि ताप एकवटला. आरंभी तापमापक चकतीबाहेर, तिच्या बैठकीखाली बसवीत. म्हणजे रोगी पलंगावर आणि थर्मामीटर गादीखाली! मग चकतीतच डायोड आला. एक अंश ताप वाढला की त्याच्यावरचा विजेचा दाब सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो; त्यावरून हिशेब करायचा.

२००६ साली इंटेलच्या कोअर प्रोसेसरांत आकडी मापक आला. त्याची तऱ्हाच निराळी. तो ताप सांगतच नाही. धोक्याच्या रेषेपासून आपण किती खाली आहोत, एवढेच सांगतो. रेषा १०० ची आणि आपण ५० खाली, तर ताप ५०. पण मेजावरच्या संगणकांसाठी ही रेषा कितीची, हे कंपनीने २००८ पर्यंत उघड केले नव्हते. कुणी ती ८५ धरली, की त्याच यंत्राचा ताप ३५ दिसे! शिवाय रेषेपासून जितके दूर, तितका हा मापक कच्चा. गार यंत्राच्या आकड्यावर फार विसंबू नये, असे माझे मत.

नाडीचेही तेच. २००० साली आलेला पेंटियम ४ फार तापला की मधले ठोके गाळी, पण पडदा पुष्कळदा पूर्ण वेगच दाखवी. पुढे प्रोसेसरांत दोन मोजणारे बसले: एक ठरल्या चालीने मोजतो, दुसरा खरे पडलेले ठोके मोजतो. दोहोंचे प्रमाण काढले की खरा वेग कळतो.

आमच्या माहितीतल्या एका शाळेत एक संगणक "म्हातारा झाला" म्हणून मोडीत निघाला होता. खरा वेग पाहिला, तो जेमतेम निम्मा. झाकण काढले, तर पंख्यावर कोंड्यासारखी धूळ साचलेली. मास्तरांनी ती ब्रशाने झाडली, आणि त्या दिवशीच्या हजेरीचा तक्ता त्याच यंत्रावर निघाला.