एकट्याचा डाव : क्लोंडाइक, स्पायडर आणि फ्रीसेल

१/१४
साल १९४६. पोलिश-अमेरिकी गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम मेंदूच्या गंभीर आजारातून सावरत होते. सक्तीच्या विश्रांतीत ते पत्त्यांचा 'कॅनफिल्ड' हा एकट्याने लावायचा डाव मांडून बसत. खेळता खेळता त्यांना प्रश्न पडला : नीट पिसलेल्या ५२ पानांचा डाव सुटण्याची शक्यता किती? #थ्रेड

२/१४
या प्रश्नाने विज्ञानाला काय दिले, ते शेवटी पाहू. त्याआधी या खेळाच्या तीन प्रसिद्ध प्रकारांची तुलना आवश्यक आहे. क्लोंडाइक, स्पायडर आणि फ्रीसेल हे एकाच कुळातले. परंतु हरल्यावर दोष नशिबाचा की खेळणाऱ्याचा, या प्रश्नाला तिघांची उत्तरे निरनिराळी आहेत.

३/१४
'सॉलिटेअर' हे अमेरिकेतील नाव. ब्रिटनमध्ये हाच खेळ 'पेशन्स', म्हणजे धीर, या नावाने ओळखला जातो. आपल्याकडेही अनेक घरांत 'पेशन्स लावणे' असेच म्हटले जाई. त्याचे सर्वांत जुने लिखित वर्णन १८व्या शतकाच्या अखेरच्या जर्मन पुस्तकात सापडते. इंग्लंडमध्ये १८७०च्या सुमारास लेडी अ‍ॅडलेड कॅडोगन यांच्या सचित्र पुस्तकाने तो दिवाणखान्यांत रुजवला.

४/१४
सेंट हेलेना बेटावरील कैदेत नेपोलियन हाच खेळ खेळत बसे, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. 'फॉर्टी थीव्ह्ज' या डावाचे तर दुसरे नावच 'नेपोलियन अ‍ॅट सेंट हेलेना' आहे. मात्र या कथेला भक्कम समकालीन पुरावा नाही. पराभूत सम्राट आणि एकट्याचा डाव हे चित्र इतके मोहक होते, की पुराव्याची वाट कोणी पाहिली नाही.

५/१४
आता क्लोंडाइक. नाव कॅनडाच्या युकॉन प्रदेशातले. १८९६मध्ये तिथे सोने सापडले आणि हजारो माणसे बर्फाळ वाटा तुडवत निघाली. बहुतेकांच्या हाती फारसे काही लागले नाही. या खेळाला ते नाव शोभते, कारण इथेही हवी ती वस्तू गाडलेली असते आणि खणल्याशिवाय कळत नाही.

६/१४
मांडणी अशी : सात रांगांत २८ पाने. त्यांतील सात उघडी, २१ पालथी. उरलेली २४ गठ्ठ्यात. लाल पानावर काळे, काळ्यावर लाल, अशी उतरती माळ लावायची. रिकाम्या रांगेत फक्त राजा. चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत चढवले की डाव सुटला. निम्म्याहून अधिक पाने डोळ्यांआड असल्याने अचूक निर्णयही अंगाशी येऊ शकतो.

७/१४
इथे नावांचा गोंधळ आहे. रिचर्ड कॅनफिल्ड हा अमेरिकेतील साराटोगा स्प्रिंग्सचा जुगारअड्डा चालवणारा. सांगतात की त्याच्याकडे ५० डॉलरला पत्त्यांचा जोड मिळे आणि वर चढवलेल्या प्रत्येक पानामागे ५ डॉलर परत मिळत. म्हणजे दहा पाने चढवली, की केवळ मुद्दल सुटे. त्याच्या नावाच्या डावाला ब्रिटनमध्ये 'डेमन' म्हणतात, तर 'कॅनफिल्ड' हे नाव कधी कधी क्लोंडाइकलाही दिले गेले. जुन्या मजकुरात हे नाव दिसले, तर नियम तपासूनच पुढे जावे.

८/१४
स्पायडरला दोन जोड लागतात : १०४ पाने, दहा रांगा. सुरुवातीला ५४ पाने मांडली जातात, उरलेली ५० दहा-दहाच्या पाच फेऱ्यांत प्रत्येक रांगेवर पडतात. राजापासून एक्क्यापर्यंत एकाच रंगाच्या आठ माळा पूर्ण करायच्या. कोळ्याचे आठ पाय, म्हणून हे नाव.

९/१४
स्पायडरची खरी मेख पुढे आहे. बदामाच्या सत्तीवर इस्पिकची छक्की ठेवता येते, पण मग ती जोडी एकत्र हलत नाही. आजची सोय उद्याची अडचण होते. शिवाय नवी फेरी आली, की जुळत आलेल्या माळेवरही नको ते पान येऊन बसते. नशीब इथे टप्प्याटप्प्याने येते.

१०/१४
फ्रीसेल सर्वांत तरुण. त्याचा पूर्वज 'बेकर्स गेम' मार्टिन गार्डनर यांनी १९६८मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरातून वाचकांपुढे आणला. त्यात एकाच रंगाची माळ लागे. पॉल अल्फिल यांनी लाल-काळ्याचा नियम आणला आणि १९७८मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' संगणकप्रणालीवर फ्रीसेल लिहिला. इथे आठ रांगांतील सर्व ५२ पाने आरंभापासून उघडी असतात. जोडीला चार मोकळी घरे. लपलेले काहीच नाही.

११/१४
जगभर हे खेळ पोहोचले ते विंडोजमुळे. मायक्रोसॉफ्टमधील प्रशिक्षणार्थी वेस चेरी यांनी लिहिलेला क्लोंडाइक १९९०च्या विंडोज ३.०सोबत आला, पत्त्यांची चित्रे सुझन केअर यांची. पान माऊसने पकडून दुसरीकडे नेऊन सोडणे, हा नवशिक्यांसाठी उत्तम सराव ठरला. चेरी यांना मात्र त्याचे मानधन मिळाले नाही.

१२/१४
विंडोजच्या फ्रीसेलमध्ये क्रमांक दिलेले ३२,००० डाव होते. १९९०च्या दशकाच्या मध्यास इंटरनेटवरील स्वयंसेवकांनी ते वाटून घेतले आणि एकेक सोडवत नेले. अखेर एकच उरला : क्रमांक ११९८२. पुढे संगणकानेही कौल दिला, की तो सुटतच नाही. म्हणजे उरलेल्या ३१,९९९ डावांत हरणाऱ्याला नशिबाकडे बोट दाखवता येत नाही.

१३/१४
तुलनेचे सार इथे आहे. क्लोंडाइकमध्ये सर्व पाने आधीच माहीत असतील, तर सुमारे ८२ टक्के डाव सुटू शकतात. पण ती माहीत नसतात, म्हणून प्रत्यक्षात कितीतरी कमी सुटतात. स्पायडरमध्ये अज्ञान हप्त्यांनी फिटते. फ्रीसेलमध्ये अज्ञान नाहीच. असते ती केवळ खेळणाऱ्याची चूक.

१४/१४
आणि उलाम? हिशेबाने उत्तर काढण्याचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला. शक्यता अफाट निघाल्या. तेव्हा सुचले : शंभर डाव मांडावेत आणि किती सुटले ते मोजावेत. हीच युक्ती अणूंमधील न्यूट्रॉनच्या प्रवासाला लावता येईल, हे त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांना सांगितले. १९४९मध्ये निकोलस मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पद्धतीचे नाव : माँटे कार्लो. आज भौतिकशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत ती वापरली जाते. आजाऱ्याने वेळ घालवण्यासाठी मांडलेला डाव सुटला की नाही, हे गौण ठरले. त्याने विचारलेला प्रश्न मात्र सुटला. (समाप्त)