मुंबई का तुंबते? ताशी २५ मिमीचा हिशेब

१. बेटांमधील खाड्या बुजवून मुंबई घडली. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डने समुद्र अडवला. मागची जमीन मात्र सखलच राहिली.

२. ब्रिटिशकालीन पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी सुमारे २५ मिमी पावसाची. भरतीत समुद्र त्यांच्या मुखांवर चढतो आणि पाणी शहरातच अडून राहते.

३. १९८५च्या जलप्रलयानंतर 'ब्रिमस्टोवॅड' योजनेचा विचार सुरू झाला. १९९३च्या अहवालाने क्षमता दुप्पट करण्याची, उदंचन केंद्रे उभारण्याची शिफारस केली. पुढील बारा वर्षे बहुतांश शिफारशी कागदावरच राहिल्या.

४. २६ जुलै २००५ : सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस, शेकडो बळी. त्यानंतरच हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथील उदंचन केंद्रे उभी राहिली.

५. इशारा अहवालात होता. तो ऐकला गेला प्रलयानंतर.